चुकले काय, ते सांगा

समजा, थेरगावच्या एका शाळेत गुणांचा तक्ता काढण्यासाठी कोणीतरी छोटी स्क्रिप्ट लिहून दिली आहे. आज्ञेसोबत इयत्ता, तुकडी आणि फाईलचे नाव द्यायचे. बाई घाईत तुकडी द्यायला विसरतात. पडद्यावर बारा ओळींची ‘वापरण्याची पद्धत’ उमटते: चौकटी कंस, उभ्या रेघा, झाडून सारे पर्याय. राहिले काय, ते त्यात कोठेच नाही. युनिक्सच्या जगात ही रीत जुनी आहे आणि माझ्या मते वाईट आहे. गणिताची एक पायरी चुकलेल्या मुलाला आपण अख्खा धडा वाचून दाखवत नाही.

गप्प राहणारी स्क्रिप्ट याहून घातक. ती फाईलच्या नावालाच तुकडी समजते आणि पुढे चालू लागते. काही स्क्रिप्ट तक्रार करतात, पण जिथे निकाल लिहायचा तिथेच. मग ती तक्रार गुणांच्या फाईलमध्ये जाऊन बसते! तक्रारींसाठी युनिक्सने वेगळा प्रवाह दिला आहे, तो कशासाठी?

पर्याय ओळखण्याचे काम हाताने लिहूच नये. शेलमधील ‘गेटऑप्ट्स’ला एकाक्षरी पर्यायच कळतात, तेही रोमन लिपीतले. पायथनच्या २.७ या आवृत्तीत (२०१०) आलेले ‘आर्गपार्स’ बरेच पुढचे आहे. पर्याय एकदाच जाहीर करायचा. मदतीचा मजकूर आणि चुकीचा निरोप त्यावरूनच तयार होतात. त्यामुळे मदत एक सांगते आणि स्क्रिप्ट दुसरेच करते, असे सहसा घडत नाही. वापराच्या ओळीखाली, नेमके काय राहिले ते नाव घेऊन सांगितले जाते, आणि तेही तक्रारीच्या प्रवाहावर.

त्याची एक खोड मात्र मला पटत नाही. ‘--तु’ एवढेच लिहिले तरी ते ‘--तुकडी’ असे समजून घेते. उद्या ‘--तुलना’ हा पर्याय वाढवला, की कालपर्यंत चालणारी आज्ञा अडते. ३.५ या आवृत्तीपासून ही सवय बंद करता येते, ती करावी.

होय, पायथन ३ मध्ये पर्यायांची नावे देवनागरीत चालतात. तयार निरोप मात्र इंग्रजीत येतात. तेव्हा तुकडी आली की नाही हे स्क्रिप्टमध्येच तपासावे आणि ‘आर्गपार्स’च्या ‘एरर’ या सोयीला आपले वाक्य द्यावे: ‘तुकडी दिलेली नाही. उदाहरणार्थ, --तुकडी ब असे लिहा.’