प्रसंगातील अंतर : ‘कोर्ट’ आणि ‘ख्वाडा’ यांतील दृश्यरचनेचा विचार

मराठी चित्रपटसमीक्षेत कथानक, आशय आणि अभिनय यांची चर्चा पुष्कळ होते. मात्र दोन नट एकमेकांपासून किती अंतरावर उभे आहेत, कॅमेरा कोणाच्या बाजूस आहे आणि प्रसंग किती तुकड्यांत चित्रित झाला आहे, याचा विचार क्वचितच केला जातो. वास्तविक प्रसंगाचा अर्थ बराचसा येथेच ठरतो. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत गौरविल्या गेलेल्या दोन मराठी चित्रपटांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

संवादप्रसंगाच्या चित्रीकरणाची रूढ पद्धत सर्वपरिचित आहे. प्रथम संपूर्ण प्रसंग विस्तृत चौकटीत टिपतात. नंतर प्रकाशयोजना बदलून एकेका नटाचे समीपदृश्य घेतात. दोघांना जोडणाऱ्या कल्पित रेषेच्या एकाच बाजूस कॅमेरा ठेवल्याने पडद्यावर त्यांच्या नजरा जुळतात. सेटवर मात्र समीपदृश्य देणाऱ्या नटासमोर सहकलाकार असेलच असे नाही. दोघांची भेट खऱ्या अर्थाने संकलनाच्या टेबलावर घडते. प्रेक्षकाने केव्हा कोणाकडे पाहावे, हेही तेथेच ठरते.

चैतन्य ताम्हाणे यांनी ‘कोर्ट’मध्ये (२०१४) हा अधिकार बऱ्याच अंशी सोडून दिला आहे. मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतांशी स्थिर आणि दूर राहतो. न्यायाधीश उंचावर, खाली वकील, बाजूस साक्षीदार, मागे आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारी माणसे, असे सर्वजण एकाच चौकटीत सामावतात. अशा रचनेत ज्याला वाक्य नाही त्यालाही पूर्ण वेळ अभिनय करावा लागतो. एकाची चूक म्हणजे सर्वांचीच पुनरावृत्ती. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार यांच्यासारखा चळवळीतील कार्यकर्ता होता आणि इतर अनेकजणही व्यावसायिक नट नव्हते, हे लक्षात घेता या पद्धतीतील जोखीम ध्यानात येते.

या अंतराचे फलित मृत सफाई कामगाराच्या विधवेच्या साक्षीत दिसते. गटारात उतरण्यापूर्वी नवरा खडा टाकून झुरळे बाहेर येतात का ते पाहात असे, हे ती शांतपणे सांगते. कॅमेरा तिच्या डोळ्यांतील पाण्याच्या शोधात धावत नाही. त्यामुळे तिची व्यथा वैयक्तिक दुःखापुरती न राहता न्यायालयाच्या कामकाजातील एक नोंद बनते आणि म्हणूनच ती अधिक असह्य वाटते. अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहे. सतत दूर राहणारा कॅमेरा व्यवस्थेची उदासीनता दाखवता दाखवता स्वतःच उदासीन भासू शकतो. न्यायालयाबाहेर पात्रांच्या घरांत आणि प्रवासात शिरून दिग्दर्शकाने हा धोका बऱ्याच अंशी टाळला आहे.

भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’चे (२०१५) क्षेत्र याच्या अगदी उलट आहे. येथे भिंती नाहीत. धनगर कुटुंबाचा संसार उघड्या रानात आहे. सुगीनंतर शेतात मेंढरे बसवण्याची रीत कोल्हार परिसरातील वाचकास नवी नाही. या चित्रपटास प्रत्यक्षस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही बाब दृश्यरचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जेथे आवाज नंतर भरायचा असतो तेथे नट कसाही उभा राहिला तरी चालते. जेथे तो जागीच टिपायचा असतो तेथे वारा, जनावरे आणि समोरच्या माणसाचे अंतर यांच्याशी नटाचा आवाज बांधला जातो. शशांक शेंडे आणि भाऊसाहेब शिंदे यांच्या बापलेकाच्या प्रसंगांतील खरेपणात या बांधिलकीचा वाटा मोठा आहे.

तात्पर्य, नटांमधील अंतर ही केवळ तांत्रिक बाब नव्हे. एका चित्रपटात ते सत्तेचे अंतर आहे, दुसऱ्यात श्रमाच्या जगातील मोकळ्या जागेचे. ज्या समाजात कोणी कोठे उभे राहावे हे शतकानुशतके जातीने ठरवले, त्या समाजाच्या चित्रपटांत उभे राहण्याची जागा न पाहता केवळ संवाद ऐकणारी समीक्षा अपुरीच राहील.