स्वदाहक विकार, मज्जासंस्था आणि मराठी परिभाषा : एक चिकित्सा

प्रस्तावना :

वैद्यकीय परिभाषेचा प्रश्न सामान्यतः भाषाशुद्धीचा मानला जातो. तो रुग्णाच्या मेंदूशीही निगडित आहे, हे दुर्मिळ 'ऑटोइन्फ्लमेटरी' विकारांच्या आधारे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ही संज्ञा 1999 मध्ये पुढे आली. 'ऑटोइम्यून' विकारांत अर्जित प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींना परके मानते; येथे मात्र जंतुसंसर्ग नसतानाही जन्मजात प्रतिकारयंत्रणा पेटून उठते. मराठी आरोग्यलेखनात हा भेद क्वचितच पाळला जातो.

विवेचन :

येथे दोन उदाहरणे पाहू. एनएलआरपी-3 जनुकातील दोषामुळे इंटरल्युकिन-1 हे द्रव्य अतिरिक्त प्रमाणात स्रवते. या विकाराच्या तीव्र प्रकारात अर्भकाच्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात, वारंवार ताप येतो, जंतूंवाचूनच मेंदूच्या आवरणांना सूज येते आणि पुढे श्रवणशक्ती क्षीण होते. दुसरा विकार 'डाडा-2'. त्याचे वर्णन प्रथम 2014 मध्ये झाले. एडीए-2 या एन्झाइमच्या अभावी रक्तवाहिन्यांना सूज येते. ताप व त्वचेवरील जाळीदार चट्टे यांच्या जोडीने पुष्कळदा पाच वर्षांच्या आतच पक्षाघात होतो. भारतातील 33 रुग्णांचा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. टीएनएफ-रोधक औषधांनी पक्षाघाताचा धोका पुष्कळच घटतो आणि त्यांपैकी अडालिमुमॅबचे भारतीय बनावटीचे रूप 2014 पासून उपलब्ध आहे. उपाय आहे, मात्र तो मेंदूला इजा होण्यापूर्वी मिळावयास हवा.

नेमक्या याच ठिकाणी भाषा आडवी येते. घरगुती मराठीत प्रत्येक लक्षणाला शब्द आहे : 'पित्त उठले', 'ताप भरला', 'वारे गेले'. परंतु हे शब्द सुटे आहेत. ती एकाच विकाराची रूपे असू शकतात, हे सांगणारा शब्द नाही. ग्रांथिक मराठीची अडचण याच्या उलट आहे. मराठी विश्वकोशाने 'शोथ', 'दाहयुक्त सूज' असे शब्द योजले. त्यांपैकी 'शोथ' सामान्य वाचकास अपरिचित, तर 'दाह' म्हणजे त्याच्या लेखी जळजळ. मेंदूतील न दिसणारी सूज दोन्हींतून निसटते.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. पाथर्डी-शेवगाव भागातील ऊसतोड कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात. मुलाचा प्रत्येक ताप नवा डॉक्टर पाहतो. मागच्या तापांची नोंद उरते ती केवळ आईच्या बोलण्यात. ते बोलणे 'नेहमीचाच ताप' या शब्दांवर थांबले, तर निदानाचा धागा तेथेच तुटतो.

निष्कर्ष :

'स्वप्रतिरक्षा' व 'स्वदाह' या संज्ञा वेगळ्या राखाव्यात, ही पहिली सूचना. परंतु केवळ शब्द घडवून भागणार नाही. याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने, गावातील स्त्रिया आरोग्यज्ञान समर्थपणे पेलतात हे सिद्ध केले. म्हणून परिभाषाकारांनी संज्ञेसोबत प्रश्नही द्यावेत : असा ताप यापूर्वी कितीदा आला? तेव्हा अंगावर काय उठले? हाक मारल्यावर मूल वळते का? एखाद्या हाता-पायातील शक्ती कमी झाली का? परिभाषेची खरी कसोटी कोशात नसून या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.