आवाज कुणाचा, नाव कुणाचे?

शोषिताचे दुःख शोषिताच्याच तोंडून आले, की ते साहित्य आपोआप त्याचे होते काय? 'स्वानुभव' हा शब्द आपण इतका वापरला आहे की हा प्रश्न सुटला असेच आपण धरून चालतो. एरिका रुंगे यांचे 'बोट्रोपर प्रोटोकोले' (१९६८) हे जर्मन पुस्तक तो पुन्हा उभा करते.

बोट्रोप हे रूर या औद्योगिक पट्ट्यातील कोळशाचे शहर. स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा यांपुढे १९५८ पासून रूरच्या खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. १९६७ साली बोट्रोपमधलीही एक मोठी खाण बंद झाली. त्या काळात रुंगे टेपरेकॉर्डर घेऊन तेथे गेल्या. खाणीतला कामगार-प्रतिनिधी, गृहिणी, पाद्री, सफाईकाम करणारी मारिया बी. अशी माणसे या पुस्तकात बोलतात. त्यांची बोली लेखिकेने घासूनपुसून प्रमाण केलेली नाही. आपल्या मायबोलीला 'अशुद्ध' ठरवणाऱ्या वर्गात शिकलेल्या मला या गोष्टीचे मोल कळते. प्रस्थापित साहित्यात कामगार प्रसंगापुरताच येतो, ही मार्टिन वाल्झर यांची प्रस्तावनेतील तक्रारही रास्त आहे.

परंतु रुंगे यांनी आपले प्रश्न गाळले आहेत. त्यामुळे माणसे आपणहून बोलत आहेत असा भास होतो. निवड, मांडणी, काटछाट कुणाची, हे झाकले जाते. बोलणाऱ्यांची आडनावे एका अक्षरावर आली आहेत. मुखपृष्ठावर पूर्ण नाव एकच. माणसांच्या नोकऱ्या सांभाळण्यासाठी नावे झाकली असतील, हे मी मान्य करतो. पण लेखकपण? १९७० साली तिथल्याच काही लेखक-कामगारांनी 'वेर्कक्राइस' ही चळवळ उभारली, ती कामगाराने स्वतः लिहावे म्हणून. रुंगे यांनीही १९७६ साली या लेखनप्रकाराचा निरोप घेतला.

हे लिहिताना माझी लेखणी अडखळते. माझा पहिला छापलेला लेख मायच्या तोंडचा होता. ती लोकांची भांडी घासत आली. तिला अक्षरओळख नाही. ती बोलली, मी उतरवून घेतले, तिच्या शिव्या गाळल्या आणि खाली माझे नाव घातले. अंक दाखवला तेव्हा तिने विचारले, "यात माझं नाव कुठंय?" मी म्हणालो, "माय, हे सगळं तुझंच आहे." ती काही बोलली नाही. रुंगेंवर ठेवलेला आक्षेप मी स्वतःवरून ओवाळून टाकू शकत नाही. जात एक असली, रक्त एक असले, तरी लेखणी ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे सत्ता असतेच.

२१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोपचीच प्रॉस्पर-हानियल ही जर्मनीतील शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली. शेवटचा कोळसा राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. शहराच्या इतिहासात तो क्षण राहील. मारिया बी.चे आडनाव मात्र अजून एकच अक्षर आहे. आपल्या समीक्षेने आता 'कोण बोलले' एवढ्यावर न थांबता 'सही कुणाची' हेही विचारले पाहिजे. आणि आरंभ आपल्या घरापासून केला पाहिजे.