ई नसलेली कादंबरी आणि तिच्यात नसलेली माणसं

'तुम्हाला माहीत आहे का? एका फ्रेंच लेखकाने तीनशे पानांची कादंबरी लिहिली आणि त्यात रोमन लिपीतलं ई हे अक्षर एकदाही वापरलं नाही!' पुस्तकांबद्दलच्या अचाट माहितीच्या रील्समध्ये हे हमखास येतं. आपण 'भारीच' म्हणतो, मित्राला फॉरवर्ड करतो आणि अंगठा पुढे सरकतो. माहिती खरी आहे. पण ती जिथे संपते, तिथे हे पुस्तक सुरू होतं.

लेखक जॉर्ज पेरेक, कादंबरी 'ला दिस्पारिस्याँ' (नाहीसं होणं), साल १९६९. ई हे फ्रेंचमध्ये सर्वात जास्त वापरलं जाणारं अक्षर. ते टाळून तीनशे पानं लिहायची, तीही कंट्रोल-एफ नसलेल्या काळात. पुस्तक आलं तेव्हा एका समीक्षकाने परीक्षण लिहिलं आणि ई गायब आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही!

असा प्रयोग पेरेकच्या आधीही झाला होता. अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट या अमेरिकन लेखकाची 'गॅड्सबी' ही कादंबरी १९३९ची. त्याने टाइपरायटरची ई-ची कळ बांधून ठेवली आणि सुमारे ५०,००० शब्द लिहिले. ट्रिव्हियाच्या याद्यांमध्ये ही दोन पुस्तकं शेजारी-शेजारी असतात, आणि माझ्या मते घोळ इथेच होतो. 'गॅड्सबी'त एका गावाच्या सुधारणेची गोड गोष्ट आहे. ई नसल्याने त्या गावात कुणाचं काही अडत नाही. उद्या कुणी ते सगळे ई परत घातले तर भाषा थोडी सरळ होईल, गोष्ट तीच राहील. म्हणजे ती खरोखरच ट्रिव्हिया आहे.

पेरेकचं तसं नाही. मी गिल्बर्ट अडेरचं इंग्रजी भाषांतर वाचलं (१९९४, तेही ई न वापरता). त्यात अँटन व्हाउल नावाचा माणूस नाहीसा होतो. स्वर या अर्थाच्या इंग्रजी शब्दातला ई काढला की हे आडनाव उरतं. मित्र त्याला शोधायला निघतात. काहीतरी हरवलंय हे सगळ्यांना जाणवतं, काय ते कुणालाच म्हणता येत नाही, आणि जो उत्तराच्या जवळ जातो तो मरतो. प्रकरणं २६, त्यातलं पाचवं गायब. ई पाचवं अक्षर, म्हणून. नियम इथे कथानकच झालाय. (मधली शंभरेक पानं मात्र रेंगाळतात. घराण्यांच्या गोष्टीत गोष्ट, त्यात आणखी गोष्ट. मी दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं होतं.)

आता पेरेकचं आयुष्य. जन्म १९३६, पॅरिस, आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. वडील फ्रान्सच्या बाजूने लढताना १९४०मध्ये गेले. आईने १९४१मध्ये मुलाला रेड क्रॉसच्या गाडीने पॅरिसबाहेर पाठवलं. १९४३मध्ये तिला पकडून ऑशवित्झला नेलं. ती परतली नाही. युद्धानंतर सरकारकडून तिच्याबद्दल जो कागद मिळाला, त्याच्या नावात 'दिस्पारिस्याँ' हाच शब्द होता.

फ्रेंचमध्ये वडील, आई, कुटुंब हे शब्द लिहायला ई लागतो. जीवन लिहायला लागतो, मृत्यू लिहायला लागत नाही. जॉर्ज पेरेक हे नावही ई-शिवाय लिहिता येत नाही. 'पापा' आणि 'मामाँ' तेवढे चालतात, लहान मुलाचे शब्द. पुढे १९७५मध्ये त्याने लहानपणावर जे पुस्तक लिहिलं, ते अर्पण केलंय 'ई'ला. फ्रेंचमध्ये या अक्षराचा उच्चार 'त्यांना' या अर्थाच्या शब्दासारखा होतो. ते 'ते' कोण, हे अभ्यासकांना वेगळं शोधावं लागलं नाही.

स्पॅनिश भाषांतरकारांनी ई ठेवलं आणि रोमन ए काढून टाकलं, कारण प्रत्येक भाषेला वेगळीकडे दुखतं. मग मराठीत काय काढायचं? अ काढता येत नाही. तो आपल्या लिपीत व्यंजनांमध्ये वेगळा दिसतच नाही, क लिहिला की त्यात आलाच. मी आ काढून पाहिला. (ओ-औमधला काना माफ. नाहीतर मी लॅपटॉपच बंद केला असता.)

पहिल्याच ओळीत मराठी आणि भाषा हे दोन्ही शब्द गेले. नाव, गाव, माणूस गेले. आजी, भाऊ, बाबा गेले. बहीण राहिली, वडील राहिले, आणि गंमत म्हणजे मम्मीही राहिली. मी आणि तू आहेत, माझं नाही. आठवण जाते, विसर राहतो. 'नाही' म्हणता येत नाही, त्यामुळे काय गेलं याची तक्रारही करता येत नाही. मग क्रियापदं लागली. 'तो गेला' बसत नाही, 'ती गेली' बसतं. 'आई गेली' बसत नाही.