फरीदीचा ‘विनोद’ झाला तेव्हा

आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मुले ‘जासूस-जासूस’ खेळतात. परवा आम्ही व्हरांड्यात उभे राहून पाहत होतो. सातवीतल्या एका मुलाने तोंडाला रुमाल बांधला, लाकडी पट्टीचे पिस्तूल केले आणि जाहीर केले, “मैं एजंट विक्रम!” दुश्मन कोण होणार यावरून थोडी ओढाताण झाली. शेवटी जो सगळ्यांत लहान, त्याच्यावर ते आले. त्याला वेगळे नाव द्यायची कोणाला गरज वाटली नाही. तो आपल्याच नावाने दुश्मन झाला. शाळा उर्दू माध्यमाची, खेळणारी सगळी पोरे आपल्याच मोहल्ल्यातली. घंटा झाली, मुले वर्गात गेली, पण आमच्या डोक्यातून तो खेळ गेला नाही.

हेरकथा हे हलके वाङ्मय, असे आपली समीक्षा मानत आली. बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारने आणि काळापहाडने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना वाचायला शिकवले. तरी साहित्याच्या चर्चेत त्यांच्या वाट्याला चार ओळी येतात. आम्ही शिक्षक आहोत. मूल पहिले जाड पुस्तक कशासाठी हाती धरते, हे आम्ही रोज पाहतो. ते ‘पुढे काय झाले’ यासाठी धरते. म्हणून या पुस्तकांतून मुलाच्या मनात काय उतरते, हे गंभीरपणे पाहिले पाहिजे.

मराठी मुलाचा पहिला हेर बहिर्जी नाईक. उर्दू घरातल्या मुलाचा पहिला हेर दास्तानातला अमर अय्यार, आपली झंबील घेऊन वेष पालटत फिरणारा. आमच्यासारख्यांना दोघेही मिळाले. एक शाळेच्या इतिहासातून, दुसरा दादीच्या तोंडून. पुलगावच्या आमच्या घरी अब्बांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात इब्ने सफीच्या कादंबऱ्या होत्या, कडा कुरतडलेल्या, काहींची शेवटची पाने गायब. वाचनालयातून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यायचा. उजवीकडून डावीकडे फरीदी आणि डावीकडून उजवीकडे फेणे, असे आमचे बालपण गेले.

इब्ने सफी म्हणजे अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचे असरार अहमद (१९२८–१९८०). मार्च १९५२ मध्ये अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. १९५५ मध्ये ‘इम्रान सीरीज’ आली. दोन्ही मिळून पुस्तके अडीचशेच्या घरात जातात. कर्नल फरीदी शिस्तीचा आणि करारी, कॅप्टन हमीद थट्टेखोर. इम्रान वरून बावळट, पण सीक्रेट सर्व्हिसचा गुप्त प्रमुख ‘एक्स-टू’ तोच. लेखक एका देशात गेला, वाचक दोन्ही देशांत राहिले, तरी कथा चालली. त्याचे कारण आम्हांला महत्त्वाचे वाटते. आपल्या नायकाच्या देशाला त्यांनी नावच दिले नाही. शत्रूसाठी ‘झीरोलँड’सारखी काल्पनिक ठाणी उभी केली. त्यामुळे कराचीच्या मुलाला आणि कामठीच्या मुलाला तोच फरीदी आपला वाटला, आणि दोघांपैकी कोणालाही शेजाऱ्याचा द्वेष करावा लागला नाही. हेरकथेसारख्या शत्रूवर जगणाऱ्या प्रकारात हे साधणे सोपे नव्हते.

आता जे सलते ते सांगतो. याच कादंबऱ्या हिंदीत, नागरी लिपीत निघू लागल्या तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला! प्रकाशकाने यात काही कपट केले असे आम्ही म्हणत नाही. पुस्तक खपावे एवढाच त्याचा हिशेब असणार. पण तो हिशेबच विचार करायला लावतो. मदतनीस मुसलमान चालतो, हसवणारा चालतो. ज्याच्या हुकमावर सगळे हलतात त्याचे नाव मात्र बदलावे लागते, हे त्यात गृहीत धरले होते.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, म्हणून हे जास्त लागते. १९४२ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने हिंदुस्तानी प्रचार सभा वर्ध्यातच स्थापन झाली. भाषा एक, लिप्या दोन, आणि प्रत्येकाने दोन्ही शिकाव्यात, हा तिचा आग्रह होता. दहा वर्षांनी ‘जासूसी दुनिया’ निघाली आणि तिची कथा खरोखरच दोन्ही लिप्यांत गेली. मात्र लिपी बदलताना नायक बदलला. सभेचे स्वप्न बाजाराने असे अर्धेच पुरे केले.

यावर कोणी म्हणेल, मूल नाव पाहत नाही. आम्ही स्वतः फेणे झालोच होतो ना? खरे आहे. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल, त्याचे ते ‘ट्टॉक’, हे सगळे आम्ही आपलेच मानले. भागवतांचा मोठेपणा असा, की त्यांच्या नायकाकडे पिस्तूल नाही. कुतूहल, चपळ पाय आणि सुभाष देसाईसारखा मित्र एवढ्यावर त्याचे भागते. दुसऱ्याच्या नावात शिरून जगता येणे ही वाचनाची मोठी देणगी आहे, ती आम्हांला मराठीने दिली. आमची तक्रार एवढीच की ही वाट दोन्ही बाजूंनी वाहती हवी. आम्ही फेणे होऊ शकतो, तर फुरसुंगीच्या मुलाला फरीदी होण्याची संधी का नाकारायची? सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी आणि दारा बुलंद ही नावे नायकांना दिलीच होती, मराठी वाचकाने ती डोक्यावर घेतली. २०११ मध्ये शम्सुर्रहमान फारुकींनी इब्ने सफी इंग्रजीत नेला, तेव्हा फरीदी फरीदीच राहिला. वाचक घाबरतो असे प्रकाशक समजतात, तेवढा तो घाबरत नाही.

दोष आपल्याकडेही आहे. फरीदी बायकांपासून चार हात दूर राहतो. जुलिया ‘एक्स-टू’चे हुकूम झेलते. थ्रेसिया बुद्धिमान आहे, पण दुश्मनाच्या बाजूला. मुलींनी व्हायचे कोण? खऱ्या इतिहासात उत्तर आहे. नूर इनायत खान ही टिपू सुलतानच्या वंशातली, बडोद्यात जन्मलेल्या सूफी हजरत इनायत खान यांची मुलगी. १९३९ मध्ये तिने मुलांसाठी जातककथांचे पुस्तक लिहिले. पुढे ब्रिटिश हेर म्हणून नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. बालसाहित्यिक आणि हेर एकाच जिवात! आमच्या आठवीच्या मुलींना हे सांगितले तेव्हा वर्ग चिडीचूप झाला होता.

त्या खेळानंतर आम्ही मराठीच्या तासाला मुलांना हेरकथा लिहायला सांगितली. अट एकच घातली, नायकाला स्वतःचे नाव द्यायचे. एका मुलाने पुलगावच्या दारूगोळा डेपोच्या बाहेरची गोष्ट रचली. रात्री तारेच्या कुंपणाजवळ बॅटरीचा उजेड दिसतो. नायक सायकलवरून चोराचा पाठलाग करतो, त्याला गाठतो, लोकांना हाका मारतो. पोलीस येतात आणि आधी नायकालाच विचारतात, “तुझे नाव काय? इथे काय करत होतास?” एवढे लिहून त्याने वही आमच्यापुढे धरली आणि विचारले, “सर, आता पुढे काय लिहू?”

त्याने नाव सांगावे, असे आम्ही म्हणालो. त्याने सांगितले, पण कथा काही पुढे सरकली नाही. फौजदार त्याच्यावर विश्वास ठेवील असे त्याला लिहिता येईना, आणि ठेवणार नाही असे लिहायला त्याचा हात धजेना. तेरा वर्षांच्या मुलाकडून ही अडचण सुटणार नाही. ती आपल्या कथाकारांनी सोडवायची आहे. मुस्लिम मराठी साहित्याने दुःख लिहिले, दंगल लिहिली, तलाक लिहिला. आता किशोरांसाठी एखादी चांगली हेरकथाही लिहावी, जिच्यात हा मुलगा आपले नाव सांगतो आणि फौजदार म्हणतो, शाब्बास, दाखव बरे तो कुठून आत शिरत होता. ती वही आम्ही जपून ठेवली आहे. खालची पाने कोरी आहेत.