आंशिक फॅक्टोरियल प्रयोगांतील महत्त्वाचे घटक : निवडपद्धतीची चिकित्सा

थोड्या चाचण्यांतून अनेक घटकांचा अंदाज घेता यावा, या गरजेतून आंशिक फॅक्टोरियल प्रयोग पुढे आले. प्रत्येकी दोन पातळ्यांचे सात घटक असल्यास सर्व संयोगांसाठी 128 चाचण्या लागतात. प्लॅकेट व बर्मन यांच्या 1946 मधील आराखड्यानुसार 12 चाचण्या पुरतात. या काटकसरीची किंमत कोठे मोजावी लागते, याचे भान मात्र विश्लेषणात अनेकदा सुटते.

या दृष्टीने हंटर, होडी व ईगर यांचा 1982 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग बोलका आहे. वेल्डिंगने दुरुस्त केलेले ओतीव भाग वारंवार भार पडून तुटेपर्यंत किती टिकतात, हे त्यांनी सात घटक घेऊन 12 चाचण्यांत तपासले. केवळ मुख्य परिणाम पाहिल्यास पॉलिश हा घटक ठळक ठरतो व त्यामागे उष्मोपचार येतो. या दोहोंनी टिकाऊपणाच्या लॉगरिथममधील सुमारे 59 टक्के चलन स्पष्ट होते. हमाडा व वू यांनी 1992 मध्ये हीच आकडेवारी पुन्हा तपासली. उष्मोपचाराऐवजी पॉलिश व अंतिम प्रक्रिया यांची आंतरक्रिया घेताच हे प्रमाण 89 टक्क्यांवर गेले. अंतिम प्रक्रियेचा स्वतंत्र परिणाम इतका लहान होता की, रूढ पद्धतीने ती यादीतून सहज गळाली असती.

याचे कारण आराखड्यातच आहे. येथे प्रत्येक मुख्य परिणामात, तो घटक ज्यांत नाही अशा प्रत्येक द्विघटकी आंतरक्रियेचा एक-तृतीयांश अंश, धन वा ऋण चिन्हाने, मिसळलेला असतो. म्हणजे उष्मोपचाराच्या नावावर दिसणारा आकडा सर्वस्वी उष्मोपचाराचा नाही. आपल्याकडील प्रबंधांतही संगणकाने दिलेला मुख्य परिणामांचा तक्ता हाच निष्कर्ष म्हणून छापला जातो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

तथापि हमाडा व वू यांचा निष्कर्षही निर्विवाद मानता येत नाही. ज्या आंतरक्रियेतील किमान एक घटक स्वतः प्रभावी आहे तीच विचारात घ्यावी, हे त्यांचे गृहीतक वाजवी असले तरी ते गृहीतकच आहे. सात मुख्य परिणाम व 21 द्विघटकी आंतरक्रिया मिळून 28 उमेदवार होतात आणि निरीक्षणे अवघी 12! इतक्या उमेदवारांतून शोधून काढलेल्या प्रतिमानाचे 89 टक्के हे आधी ठरवलेल्या प्रतिमानाच्या 89 टक्क्यांइतके वजनदार नसतात. पॉलिश व अंतिम प्रक्रिया यांच्या चारही जोड्यांवर काही चाचण्या नव्याने घेणे, हाच येथे खरा निवाडा ठरतो. 128 चाचण्यांच्या तुलनेत तो खर्च किरकोळ आहे.