पाठभेदांचे स्मरण : नव्वदच्या दशकातील व्हिडिओ गेम आणि त्यांची नियतकालिके

एप्रिल २०२१ मध्ये 'क्रेड' या कंपनीच्या जाहिरातीत राहुल द्रविड बंगळूरच्या वाहतूककोंडीत संतापून शेजारच्या मोटारीचा आरसा बॅटने फोडताना दिसला आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याची ग्वाही देऊ लागला. मराठी भाषक कुटुंबात जन्मलेल्या व बंगळूरमध्ये वाढलेल्या या फलंदाजाची संयमी प्रतिमा १९९६ पासून घडत आलेली होती. प्रेक्षकाला मूळ ठाऊक असल्यामुळेच त्याचा विपर्यास रंजक ठरला. नव्वदच्या दशकाच्या आठवणीवर उभ्या राहिलेल्या करमणुकीचा हा सरळ नमुना होय : आधी मूळ, नंतर त्याचा पाठभेद. त्याच पिढीच्या दुसऱ्या एका आठवणीत, म्हणजे व्हिडिओ गेम आणि त्यांच्याविषयीच्या नियतकालिकांच्या आठवणीत, हा क्रम उलटा आहे. तेथे पाठभेद आधी भेटला. मूळ नंतर भेटले, किंवा कधीच भेटले नाही. या उलट्या क्रमामुळे स्मरणरंजनाच्या प्रचलित उपपत्तीत कोणता बदल करावा लागतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा घडविली, ती घरी परतण्याच्या व्याकुळतेसाठी. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये या भावनेचे दोन प्रकार कल्पिले : हरवलेले घर पुन्हा उभारू पाहणारा पुनःस्थापक आणि हरवलेपणावरच रेंगाळणारा चिंतनशील. दोन्ही प्रकारांत घर एकदा होते, हे गृहीत आहे. इंग्रजीतील खेळविषयक कादंबऱ्याही याच गृहीतावर चालतात. अर्नेस्ट क्लाइनच्या 'रेडी प्लेयर वन'मध्ये (२०११) ऐंशीच्या दशकातील खेळ अचूक आठवणाऱ्याला वारसा मिळतो. गॅब्रिएल झेव्हिनच्या 'टुमॉरो, अँड टुमॉरो, अँड टुमॉरो'मध्ये (२०२२) दोन मुलांची मैत्री 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळताना जुळते. दोन्हीकडे खेळाची प्रत अस्सल असण्याविषयी शंका नाही.

भारतीय मध्यमवर्गीय घरातील स्थिती वेगळी होती. निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये आले. येथे नव्वदच्या दशकात दूरदर्शन संचाला जोडली गेली ती बहुतांशी त्याची अनुकरणे, 'सामुराई', 'मीडिया' अशा नावांची. त्यांच्या कॅसेटवर ९९९९ खेळांचे आश्वासन छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच. एकाच खेळाचे निरनिराळ्या टप्प्यांवरून सुरू होणारे अवतार वेगवेगळे क्रमांक लावून मांडलेले असत. त्या पिढीच्या स्मरणात हीच यादी 'ग्रंथ' म्हणून राहिली आहे.

मुळात 'मूळ' म्हणावे ते तरी एक होते काय? 'काँट्रा' या खेळाचे उदाहरण उद्बोधक आहे. १९८८ च्या जपानी आवृत्तीत टप्प्यांमध्ये नकाशा आणि कथादृश्ये होती. त्याच वर्षीच्या अमेरिकी आवृत्तीतून ती गेली. युरोपात १९९० मध्ये तोच खेळ 'प्रोबोटेक्टर' या नावाने आला आणि माणसांच्या जागी यंत्रमानव आले. २०१९ मध्ये 'कोनामी'ने या मालिकेतील खेळांचा संग्रह प्रसिद्ध केला. हे प्रकाशकाचे पुनःस्थापन होय. परंतु भारतीय खेळाडूला आठवते ती क्रमांकांची यादी अशा अधिकृत संग्रहात येऊ शकत नाही, कारण प्रकाशकाच्या दृष्टीने ती आवृत्तीच नव्हे.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हापासून पाठचिकित्सेची दिशा प्रक्षिप्ताकडून मूळाकडे अशी राहिली आहे. प्रस्तुत स्मरणरंजनाला ही दिशा लागू करता येत नाही. येथे प्रक्षिप्त गाळले की स्मरणाचा विषयच गळतो. परतायचे घर म्हणून जे आहे तेच मुळी नक्कल आहे आणि भावना मात्र अस्सल आहे.

नियतकालिकांच्या बाबतीत ही गुंतागुंत अधिक वाढते. डिसेंबर १९९८ मध्ये जसुभाई समूहाने मुंबईहून 'चिप' हे जर्मन नियतकालिक भारतीय आवृत्तीत आणले. जून २००१ पासून ते 'डिजिट' झाले. सर्वसामान्यांना इंटरनेट ऑगस्ट १९९५ पासून उपलब्ध असले तरी ते दूरध्वनीच्या तारेवरून अतिशय मंद गतीने येई. त्यामुळे अंकासोबतची सीडी आणि तिच्यावरील खेळांचे नमुने यांना मोल होते. नमुन्यात बहुधा एखाददुसरा टप्पाच असे. उरलेला खेळ परीक्षण आणि छायाचित्रे यांवरून कल्पावा लागे. अंकात वाखाणलेला खेळ घरच्या संगणकावर चालेलच, याची शाश्वती नव्हती. परीक्षण येथे खेळाची शिफारस करीत नव्हते; ते त्याच्या जागी उभे होते. त्रुटित पोथी आणि तिच्यावरची संपूर्ण टीका हाती असावी, तशी ही वाचकाची अवस्था होती. म्हणून या अंकांचे स्मरण हे न खेळलेल्या खेळांचे स्मरण आहे, आणि ते वाङ्मयीन आहे.

यावर आक्षेप घेता येईल की हे अभावाचे उदात्तीकरण आहे. आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजी अंक विकत घेऊ शकणारा वर्ग मर्यादित होता, आणि पार्लरमध्ये पैसे मोजून मिनिटांवर खेळणाऱ्या मुलाची आठवण या लेखनात क्वचितच येते. शिवाय वाचन इंग्रजीत होत असले तरी मराठी घरांत खेळ मराठीत चाले. 'लाइफ गेली', 'स्टेज पार झाली' यांच्या शेजारी अंगणातल्या खेळांतला 'आता माझा डाव' नांदत होता. ही भाषा अंकांत उतरली नाही. स्मरणरंजनाने अभावाची गोडी गाण्यापेक्षा हे अनुल्लेखित थर नोंदविले, तर आक्षेपाची धार बोथट होईल.

नोंदीचा प्रश्न निकडीचा आहे. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ च्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तेथे प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. त्याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये १५०० हून अधिक खेळविषयक अंक अभ्यासकांना खुले केले. मराठीत बालभारतीच्या १९७१ पासूनच्या 'किशोर'चे जुने अंक संकेतस्थळावर वाचता येतात, कारण त्यामागे एक संस्था उभी आहे. ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीचा १९५४ चा भारतीय कायदा मात्र छापील ग्रंथ व नियतकालिके यांच्यासाठी रचलेला आहे. अंकासोबतची सीडी आणि क्रमांकांची कॅसेट त्याच्या कक्षेत नाहीत.

ज्या शहरात इंदिरानगर आहे, त्याच शहरात राजेश राव यांनी १९९७ मध्ये 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' स्थापन केली आणि परदेशी खेळांसाठी चित्रनिर्मितीचे काम भारतात आणले. २०१९ मध्ये ती 'रॉकस्टार'कडे गेली. जगाच्या 'मूळ' आवृत्त्या घडविण्यात बंगळूरचा हात लागला, त्याचा इतिहास करारांत सापडेल. त्याच काळात नकलांवर वाढलेल्या खेळाडूचा इतिहास मात्र माळ्यावरच्या अंकांत आणि ओरखडे पडलेल्या तबकड्यांत आहे. द्रविडची जाहिरात कळण्यासाठी मूळ माहीत असावे लागले; या खेळाडूला समजून घेण्यासाठी पाठभेद जपावे लागतील. ते रद्दीत गेले, तर मूळ आवृत्त्या कितीही शुद्ध स्वरूपात परत आल्या तरी त्यांच्या भारतीय वाचकाचा मागमूस उरणार नाही.